ठिणगी न पडणाऱ्या मोटारसायकलीचे निदान : मसुरे येथील हवामानाच्या संदर्भात

मालवण तालुक्यातील मसुरे हे गाव गडनदीच्या काठी, जेथे नदीचे रूपांतर कालावलच्या खाडीत होऊ लागते त्या भागात वसलेले आहे. खाडीच्या दक्षिण तीरावर भरतगड, पलीकडच्या तीरावर भगवंतगड, मध्ये भरती-ओहोटीचे मचूळ पाणी आणि सभोवार जांभ्या दगडाच्या चढउतारांवर विखुरलेल्या वाड्या, असे या गावाचे स्वरूप आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, तरी तिचे कणकवली स्थानक गावापासून दूरच राहिले. अशा ठिकाणी मोटारसायकल ही चैनीची वस्तू नव्हे. रात्री-अपरात्री आजाऱ्याला मालवणास अथवा कणकवलीस न्यावयाचे असो, की पहाटे तळाशीलच्या बाजूने मासळी आणावयाची असो, अनेक घरांतून तेच एक वाहन असते. आणि नेमक्या आषाढातल्या एखाद्या सकाळी ते किकला दाद देत नाही. प्लग काढून पाहिला असता ठिणगी दिसत नाही. गॅरेजच्या भाषेत, ‘प्लगला करंट नाही’.

या तीन शब्दांनी दोषाचे वर्णन होते, निदान होत नाही. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाला या प्रश्नात रस असावयाचे कारण असे की, विद्युत्-चुंबकीय प्रेरण, वायूंतील विद्युत्-विसर्जन, पृष्ठभागावरील संवहन आणि क्षारांचे आर्द्रताशोषण हे विषय, जे पदव्युत्तर अभ्यासक्रमात निरनिराळ्या प्रकरणांतून शिकविले जातात, ते येथे मूठभर आकाराच्या एका यंत्रणेत एकत्र आलेले आहेत. शिवाय चुकीच्या निदानाची किंमत येथे ताबडतोब मोजावी लागते. निर्दोष भाग फेकला जातो, नव्या भागाचे पैसे जातात आणि दोष चार दिवसांनी परत येतो.

प्रथम ठिणगी कशी निर्माण होते हे थोडक्यात पाहणे अवश्य आहे. फॅराडेने १८३१ साली दाखवून दिलेले परस्पर-प्रेरण हा सर्वांचा पाया होय. जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यात होनोल्ड याने १९०२ साली उच्चदाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि अमेरिकेत केटरिंग याने त्या दशकाच्या अखेरीस बॅटरी व कॉइल यांवर चालणारी योजना मोटारींसाठी व्यवहार्य केली. आपल्याकडील दुचाकींत हे दोन्ही वंश नांदले. १९६०च्या सुमारास म्हैसूर येथे बनू लागलेली जावा बॅटरीवर ठिणगी काढीत असे; पुण्याच्या बजाज स्कूटरचा आणि १९७२ पासून निघालेल्या लूनाचा आधार चाकाबरोबर फिरणाऱ्या चुंबकावर, म्हणजे फ्लायव्हील मॅग्नेटोवर होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास जपानी सहकार्याने शंभर सी. सी. च्या गाड्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर पॉइंटांच्या जागी सी. डी. आय. ही इलेक्ट्रॉनिक डबी आली. १ एप्रिल २०२० पासून भारत-स्टेज सहा मानके लागू झाल्यावर नव्या गाड्यांत इंधन-अंतःक्षेपण आणि ठिणगी ही दोन्ही बहुतेक एकाच संगणकीय नियंत्रकाच्या अधीन झाली. ग्रामीण भागात जुनी गाडी सहसा मोडीत निघत नाही. त्यामुळे एकाच गॅरेजच्या दारात या तिन्ही पिढ्या उभ्या राहू शकतात, आणि एकीला लागू पडणारी परीक्षा दुसरीला घातक ठरू शकते.

पॉइंटांच्या यंत्रणेचे गणित सोपे असून ते एकदा करून पाहण्यासारखे आहे. उदाहरणादाखल, प्राथमिक वेटोळ्याचे प्रेरकत्व ८ मिलिहेन्री आणि पॉइंट उघडण्याच्या क्षणी त्यातील प्रवाह ३ अँपिअर धरू. चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा ३६ मिलिज्यूल भरते. पॉइंट उघडताच ही ऊर्जा धारकतेत उतरते. ही धारकता केवळ कंडेन्सरची, म्हणजे सुमारे ०.२ मायक्रोफॅरड इतकीच नसते. दुय्यम वेटोळे, प्लगची तार व टोपण यांची मिळून ५० पिकोफॅरड एवढी क्षुल्लक वाटणारी धारकता, वेढ्यांचे गुणोत्तर १०० असता, प्राथमिक बाजूस दहा हजार पटीने, म्हणजे ०.५ मायक्रोफॅरड होऊन दिसते. एकूण ०.७ मायक्रोफॅरडवर ३६ मिलिज्यूल ऊर्जा उतरली की प्राथमिक बाजूस सुमारे ३२० व्होल्ट आणि दुय्यम बाजूस ३२ हजार व्होल्ट येतात. हा आदर्श आकडा होय. लोहगाभ्यातील व तारांतील व्यय वजा जाता प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी हाती लागते. दाब शिखरास पोहोचावयास सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात. हा काळ पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

कंडेन्सर अजिबात काढून टाकला तर वरील सूत्राप्रमाणे दाब वाढावयास हवा. तसे होत नाही, कारण मग पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच चाप पेटतो आणि बहुतेक ऊर्जा तेथेच जळून जाते. प्रेरण-वेटोळ्यास कंडेन्सर जोडण्याची कल्पना फिझो याने १८५३ साली मांडली ती याचसाठी. म्हणून पॉइंटांवर डोळ्यांना स्पष्ट दिसेल अशी जाड, पिवळसर ठिणगी पडत असेल आणि प्लगवर काहीच नसेल, तर कंडेन्सर अथवा त्याचे जोड यांजकडे संशयाचे बोट जाते. जुन्या कागदी कंडेन्सरांच्या पोटात दमटपणा शिरण्याची प्रवृत्ती असतेच.

सी. डी. आय. मध्ये क्रम उलटा असतो. तेथे एक चार्जिंग कॉइल दोन-तीनशे व्होल्टांपर्यंत कंडेन्सर भरून ठेवते आणि पिकअप कॉइलचा स्पंद येताच थायरिस्टर तो कंडेन्सर कॉइलमध्ये रिता करतो. १ मायक्रोफॅरड आणि ३०० व्होल्ट धरल्यास ४५ मिलिज्यूल होतात, म्हणजे पॉइंटांच्या यंत्रणेपेक्षा फारसा फरक नाही. फरक आहे तो वेगात. येथे दाब काही थोड्या मायक्रोसेकंदांत चढतो.

आता प्लगकडे वळू. मोकळ्या हवेत ०.६ मि.मी. फटीतून ठिणगी उडण्यास अडीच-तीन हजार व्होल्ट पुरतात. पाशेन याने १८८९ साली प्रस्थापित केल्याप्रमाणे विसर्जनाचा दाब फट आणि वायूची घनता यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले गेल्यावर, विशेषतः थ्रॉटल उघडले असता, त्याच फटीला दहा-बारा हजार व्होल्ट लागू शकतात. याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. बाहेर काढून हेडला टेकविलेल्या प्लगवर ठिणगी दिसली म्हणजे यंत्रणा निर्दोष आहे, असे अनुमान काढता येत नाही; त्या परीक्षेने फक्त तीन हजार व्होल्ट सिद्ध होतात. पुष्कळ कारखान्यांच्या पुस्तिकांतून मोकळ्या हवेत सुमारे ६ मि.मी. फट ओलांडणारी ठिणगी मागितलेली असते, ती याच कारणास्तव. उलटपक्षी, ठिणगी मुळीच दिसत नसेल तर ते अनुमान मात्र बळकट होय, परंतु प्लगाचा धातूचा भाग इंजिनाला खरोखर टेकलेला असेल तरच. रंग अथवा तेलकट काजळी चढलेल्या हेडवर टेकविलेला प्लग पुष्कळदा निष्कारण दोषी ठरतो.

ही परीक्षा करताना एक धोका सदैव ध्यानात ठेवावयास हवा. किक मारली की प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलच्या वाफांचा फवारा बाहेर येतो आणि ठिणगी तेथून वीतभर अंतरावर असते. भोकात दुसरा जुना प्लग बसविणे अथवा ठिणगीची जागा दूर नेणे एवढ्याने हा धोका टळतो. तार हवेत मोकळी सोडून किक मारणेही अनिष्टच; ठिणगीला बाहेर मार्ग न मिळाल्यास ती कॉइलच्या आतील आवरण फोडून मार्ग काढते, आणि नसलेला दोष निर्माण होतो.

येथवरचे विवेचन कोठल्याही गावाला लागू पडेल. मसुऱ्याचे वैशिष्ट्य हवेत आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर क्षारांचे सूक्ष्म कण येतात आणि ते प्रत्येक पृष्ठभागावर बसतात. किनाऱ्यापासून आत जावे तसे त्यांचे प्रमाण झपाट्याने घटते, म्हणून मसुऱ्यात ते मालवणच्या किनाऱ्याइतके नसणार. परंतु गाडी एका जागी राहत नाही. पुळणीजवळच्या रस्त्याने ती रोज जाते, तिच्यावरून मासळीच्या टोपल्या वाहिल्या जातात आणि त्यांतले खारे पाणी तिच्या अंगावर ठिबकते. कोरडे मीठ विजेचा प्रवाह वाहून नेत नाही. परंतु सोडियम क्लोराइड सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतील पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळते, आणि प्लगच्या टोपणावर किंवा कॉइलच्या तोंडाशी जे अदृश्य धुळकट कवच होते त्याचे रूपांतर संवाहक द्रवपटलात होते. समुद्रक्षारात मिसळलेले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलावते. त्यामुळे हे पटल पूर्णपणे कधी सुकतच नाही म्हटले तरी चालेल.

या ७५ टक्क्यांच्या सीमेवरून निदानाचे एक उत्कृष्ट साधन हाती येते, आणि त्यास कसलेही उपकरण लागत नाही. हिवाळ्यातील पहाटे तापमान २० अंश आणि हवा जवळजवळ संपृक्त आहे असे समजू. दुपारी तापमान ३० अंशांवर गेले आणि हवेतील बाष्प तेवढेच राहिले, तर संपृक्त बाष्पदाब २३.४ वरून ४२.४ हेक्टोपास्कलवर गेल्यामुळे सापेक्ष आर्द्रता सुमारे ५५ टक्क्यांवर येते. म्हणजे मार्गशीर्ष-पौषात क्षाराचे पटल दर दिवशी एकदा ओले आणि एकदा बव्हंशी कोरडे होते. जी गाडी सकाळी सात वाजता कितीही किका मारूनही सुरू होत नाही आणि अकरा वाजता मिस्त्रीच्या दारात पहिल्याच किकला सुरू होऊन मालकाला खोटे पाडते, तिच्यातील दोष बहुधा तुटलेल्या तारेचा नसून पृष्ठभागावरील गळतीचा असतो. पावसाळ्यात मात्र दिवसरात्र आर्द्रता या सीमेच्या वरच राहत असल्याने दोष कायमचा होतो आणि तुटलेल्या तारेसारखा दिसू लागतो. म्हणून ‘गाडी कधीपासून बंद आहे’ यापेक्षा ‘पावसाळ्यापूर्वी सकाळी त्रास देत होती काय’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

गळतीने ठिणगी का विझते, हे पुन्हा वरच्या आकड्यांवरूनच समजते. प्राथमिक बाजूस ३ अँपिअर असलेला प्रवाह दुय्यम बाजूस जास्तीत जास्त ३० मिलिअँपिअर देऊ शकतो. टोपणावरील ओल्या पटलाचा अथवा प्लगच्या चिनी मातीवरील काजळीचा रोध अर्धा मेगओहम असेल, तर हा सर्व प्रवाह त्या वाटेने गेला असता दाब १५ हजार व्होल्टांच्या वर चढूच शकत नाही. तोच रोध ०.१ मेगओहमवर आला की मर्यादा ३ हजार व्होल्टांची होते, आणि मग सिलिंडरमध्ये काय, बाहेरही ठिणगी दिसण्याची शाश्वती नाही. शंभर मायक्रोसेकंद चढत राहणाऱ्या दाबाला गळती भरपूर वेळ लुटते, सी. डी. आय. चा दाब गळतीला अवसर मिळण्यापूर्वीच फट ओलांडतो. नव्या गाड्या पावसात जुन्यांपेक्षा कमी अडतात, याचे श्रेय सामान्यतः ‘जपानी तंत्रा’ला दिले जाते, त्यातील पुष्कळसा वाटा या चढणीच्या वेगाचा आहे.

साधा मल्टिमीटर ही गळती दाखवीत नाही. तो एक-दोन व्होल्टांवर, फार तर नऊ व्होल्टांवर मोजतो. पटलाची खरी वागणूक हजारो व्होल्टांखाली प्रकट होते. त्यापेक्षा अंधाऱ्या जागेत, टाकीचा नळ बंद करून, तारेवर व टोपणावर पाण्याचा बारीक शिडकावा करावा आणि दुसऱ्याने किक मारावी. गळती असेल तेथे निळसर, सरपटणारी प्रभा दिसते. टोपण गोड्या पाण्याने धुऊन, कोरडे करून ठिणगी परतली तर निदान पूर्ण झाले. येथे धुणे हा शब्द महत्त्वाचा आहे. कोरड्या फडक्याने नुसते पुसल्यास पाणी जाते, क्षार राहतो आणि दुसऱ्या सकाळी तोच प्रसंग ओढवतो.

गळती नाही असे ठरले म्हणजे शोध यंत्रणेच्या आत न्यावा लागतो, आणि तेथे दुभागणीचे तत्त्व वापरणे श्रेयस्कर होय. प्लग, टोपण, तार, कॉइल, डबी, पिकअप, चुंबक अशी साखळी एका टोकापासून तपासत जाण्याऐवजी तिच्या मध्यावर कोठे तरी प्रश्न विचारावा. टोपण काढून उघड्या तारेपासून ठिणगी मिळाली, तर दोष टोपणात अथवा प्लगात. टोपणात रेडिओतील खरखर टाळण्यासाठी बसविलेला सुमारे ५ हजार ओहमचा रोधक तुटलेला असण्याचा संभव असतो. ठिणगी मिळाली नाही, तर इंजिन बंद करण्याची तार सोडवून पुन्हा पाहावे. या दुसऱ्या परीक्षेला लागतो अर्धा मिनिट आणि एकही पैसा लागत नाही, तरी ती सर्वांत उशिरा केली जाते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

या तारेच्या बाबतीत दोन पिढ्यांतील भेद मुळातूनच समजून घेतला पाहिजे. बॅटरी-कॉइलच्या गाडीत चावी फिरविली की मंडल पूर्ण होते; स्विच जुळला तर ठिणगी, तुटला तर नाही. मॅग्नेटोच्या गाडीत आणि मॅग्नेटोवरच भरणाऱ्या सी. डी. आय. मध्ये याच्या नेमके उलट असते. तेथे बाहेरून वीज येतच नाही, म्हणून इंजिन थांबविण्यासाठी स्विच निर्माण झालेली वीज अर्थ करतो, म्हणजे सांगाड्यात जिरवितो. तेथे स्विच जुळला तर ठिणगी नाही, तुटला तर आहे. आता खारी हवा स्विचाच्या आतील पितळी पट्ट्यांवर काम करू लागते. तिची करणी दुहेरी असते. पट्ट्यांवर हिरवट कळंक चढून त्यांचा परस्परस्पर्श बिघडतो, आणि पट्ट्यांमधील जागेत ओल्या क्षाराचा पूल बांधला जातो. पहिल्या परिणामाने जावा बंद पडेल; लूनाला काही होणार नाही, उलट ती बंद करणे कठीण जाईल. दुसऱ्या परिणामाने बॅटरीची गाडी अडणार नाही, परंतु सी. डी. आय. ची चार्जिंग कॉइल, जिचा स्वतःचाच रोध काही शे ओहम असतो, तिचा दाब त्या पुलावाटे जिरून डबीतला कंडेन्सर अर्धवट भरेल. कंडेन्सरवरील दाब निम्मा झाला की ऊर्जा एक-चतुर्थांश उरते. एकच हवा, एकच स्विच, आणि दोन गाड्यांत परस्परविरुद्ध दोष. ‘स्विच खराब’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या दिशेने खराब, हे सांगता आले पाहिजे.

तार सोडविल्यावर ठिणगी परतली तर दोष स्विचात अथवा त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वायरिंगमध्ये आहे हे निश्चित झाले. हँडलच्या वळणापाशी आवरण घासून तार उघडी पडणे आणि उंदरांनी वायर कुरतडणे ही त्यांतील नित्याची कारणे होत. मात्र ती तार तशीच सोडून गाडी चालविणे अविचाराचे आहे, कारण मग चावीने इंजिन थांबणार नाही. येथेच हेही सांगावयास हवे की बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांत ‘तार सोडून पाहा’ ही युक्ती निरर्थक आहे. तेथे कॉइलच्या टोकाशी लहान दिवा लावून वीज पोहोचते की नाही हे पाहावयाचे असते. पोहोचत असेल आणि पॉइंट उघड-बंद होताना दिवा लुकलुकत नसेल, तर पॉइंट पाहावेत.

पॉइंटांची फट बहुतेक गाड्यांत ०.३५ ते ०.४ मि.मी. असते. परंतु मसुऱ्यासारख्या ठिकाणी फटीपेक्षा दोन निराळ्या गोष्टी अधिक नडतात. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पॉइंटांवर ऑक्साइडाचा पातळ थर येतो. ६ व्होल्टांच्या दाबाला तो भेदता येत नाही, आणि डोळ्यांना पॉइंट मिटलेले दिसत असूनही विजेच्या दृष्टीने ते उघडेच असतात. कोऱ्या कागदाची पट्टी त्यांमधून दोन-तीन वेळा ओढली की पुष्कळदा काम होते. कानशीने खरवडून पृष्ठभाग खडबडीत करण्याची आवश्यकता नसते. दुसरी गोष्ट अशी की, हलत्या पॉइंटाच्या बिजागरीतील तंतुमय निरोधकाची वाटी दमटपणाने फुगते, भुजा अडकते आणि स्प्रिंगला ती परत आणता येत नाही. चैत्रात निर्दोष असलेली गाडी श्रावणात या कारणाने मुकी होते. असा दोष फट मोजून सापडत नाही. भुजा बोटाने उचलून सोडावी व ती चटकन परतते काय हे पाहावे.

आता सी. डी. आय. च्या डबीविषयी. ही डबी राळेत बुजविलेली असते. तिचा कोणताही एक भाग मोजता येत नाही. म्हणून तर्कशास्त्राच्या दृष्टीने तिचा दोष केवळ अवशेष-पद्धतीने, म्हणजे बाकी सर्व निर्दोष ठरल्यावरच सिद्ध होऊ शकतो. पिकअप कॉइल एक-दोनशे ओहमच्या आसपास, दुय्यम वेटोळे काही हजार ओहम, आणि प्राथमिक वेटोळे एक ओहमच्या आत-बाहेर, असे माप प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे जुळले, चुंबक व पिकअप यांमधील फट गंजाने भरलेली नाही हे पाहिले, अर्थच्या जोडावरील पांढरी भुकटी खरवडून काढली, की मग डबीचा क्रम लागतो. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र डबी सर्वांत आधी बदलली जाते, कारण ती बदलणे सर्वांत सोपे असते. एक प्लग उपसावयाचा आणि दुसरा खोचावयाचा.

या सोपेपणातच एक फसवणूक दडलेली आहे, आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्याने तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. जुनी डबी उपसताना आणि नवी खोचताना जोडातील पिना एकमेकींवर घासल्या जातात. त्यांवरील कळंक निघतो, स्पर्श सुधारतो, ठिणगी येते. गाडी सुरू झालेली पाहून जो तो म्हणतो की डबी गेली होती. वस्तुतः बदललेल्या गोष्टी दोन होत्या, डबी आणि स्पर्श, आणि परिणाम दोहोंपैकी कोणाचा हे ठरविलेलेच नाही. उपाय सोपा आहे. गाडी सुरू झाल्यावर जुनी डबी पुन्हा बसवून पाहावी. दोष परतला तर डबी खरोखरच गेली. परतला नाही तर डबीचे पैसे वाचले आणि खरे काम जोड साफ करून त्यात ग्रीस भरण्याचे आहे हे कळले. हे तिसरे पाऊल टाकावयास कोणीच राजी नसते, कारण सुरू झालेली गाडी पुन्हा बंद पडण्याचा धोका पत्करणे मनुष्यस्वभावाला रुचत नाही. औषधाने बरा झालेला रोगी औषध सोडून पाहावयास जसा नाखूष असतो, तसेच हे. विद्युत् दुकानांतून एकदा उघडलेला इलेक्ट्रॉनिक भाग परत घेतला जात नाही ही गोष्ट लक्षात घेतली, तर ही परीक्षा शेजारच्या तशाच गाडीची डबी तात्पुरती मागून करणे अधिक शहाणपणाचे.

काही दोष थंड गाडीत सापडतच नाहीत. वेटोळ्यातील तारेला पडलेली केसासारखी चीर थंडपणी मिटलेली असते आणि इंजिन तापून ताणले की उघडते; अर्धा तास थांबले की पुन्हा मिटते. कणकवलीच्या वाटेवर घाटीच्या चढाला बंद पडणारी आणि सावलीत विसावल्यावर चालू होणारी गाडी या वर्गातली समजावी. तिचा रोध गॅरेजात थंडपणी मोजणे व्यर्थ होय. ती बंद पडेल त्याच क्षणी, तापलेल्या अवस्थेत मोजली पाहिजे. वेळेचा नमुना येथे पुन्हा उपयोगी पडतो. क्षाराचा दोष थंड, ओल्या सकाळी प्रकटतो व उष्णतेने नाहीसा होतो. चिरेचा दोष उष्णतेने प्रकटतो व थंडाव्याने नाहीसा होतो. याउलट ठिणगी चांगली जाड असून गाडी केवळ फटफट आवाज करून थांबत असेल, तर चुंबक आसावर अडकविणारी लहानशी की तुटून ठिणगीची वेळ सरकली असावी, आणि तो प्रश्न प्रस्तुत विषयाच्या बाहेरचा आहे.

२०२० नंतरच्या गाड्यांचे निदान या सर्वांहून निराळ्या वाटेने करावे लागते. तेथे ठिणगी व इंधन यांची आज्ञा एकाच नियंत्रकाकडून येते, म्हणून पहिला प्रश्न ठिणगीचा नसून, चावी फिरविल्यावर टाकीतील पंपाची क्षणभर घरघर ऐकू येते काय, हा असतो. ठिणगी नाही आणि पंपही मुका, तर दोष दोहोंच्या समान मुळाशी, म्हणजे बॅटरी, फ्यूज, रिले, गाडी कलंडल्यास इंजिन तोडणारा संवेदक किंवा बंद करण्याचा स्विच यांत शोधावा. पंप चालतो परंतु ठिणगी नाही, तर क्रँकच्या स्थितीचा संवेदक आणि कॉइल यांकडे वळावे. पुष्कळ गाड्यांत साइड स्टँडचा स्विचही याच साखळीत असतो. आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर, पुढच्या चाकाने उडविलेल्या खाऱ्या चिखलाच्या नेमक्या वाटेत तो बसविलेला असल्याने किनारपट्टीच्या गावांत त्याचा संशय सर्वप्रथम घ्यावा. या गाड्यांत तार हेडजवळ धरून ठिणगी उडविण्याची जुनी रीत पूर्णपणे वर्ज्य होय. ती ठिणगी नियंत्रकात शिरली तर त्याची किंमत एका सी. डी. आय. डबीच्या कित्येक पट असते. प्लग नीट अर्थ करून, टोपण घट्ट बसवून, एवढीच परीक्षा तेथे करावी.